ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल पुन्हा पुन्हा कमी दिसतंय? आधी मोजायची पद्धत तपासा

सकाळी गाडी सुरू करून लिव्हर ‘डी’वर टाकला तरी गाडी लगेच उचलत नाही. एक-दोन सेकंद जातात, मग खालून ‘ठक्’ असा हादरा बसतो आणि गिअर पकडतो. ‘आर’ला तर त्याहून उशीर. डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची काठी, काढून पाहावी तर ऑईल खुणेच्या खाली. थोडं ओतलं की गाडी सुतासारखी सरळ. तीन-चार आठवडे गेले की पुन्हा तेच रडगाणं.

माझ्या गाडीत हे चार वेळा झालं. चौथ्यांदा ऑईल ओतल्यावर दोनच दिवसांनी एका लांबलचक चढावर गाडी स्लिप व्हायला लागली. इंजिनाचे आरपीएम चढत होते, वेग मात्र जागच्या जागी. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तेव्हा गिअरबॉक्सच्या ब्रीदरभोवती (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाभोवती) लालसर फेस जमलेला होता. ज्या गिअरबॉक्समध्ये मी दोन-तीन महिने ‘कमी आहे’ म्हणून ऑईल घालत होतो, त्यात ते जास्त झालं होतं.

नंतर शांतपणे मागचा सगळा क्रम आठवला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दोन वेळी तक्रार सकाळी, गाडी थंड असताना होती. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी ती अर्धा-पाऊण तास गाडी चालल्यावर सुरू व्हायची. लक्षण सारखंच वाटत होतं म्हणून मी कारणही तेच धरलं. हा फरक तेव्हाच पकडला असता तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

ऑईल कमी असो की जास्त, गिअरबॉक्सला त्रास एकाच गोष्टीचा होतो, तो म्हणजे ऑईलमध्ये मिसळलेली हवा. आतला पंप ऑईल खेचून दाबाने क्लचप्लेट्सकडे पाठवतो आणि त्या दाबावरच गिअर धरला जातो. ऑईल कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी ऑईलसोबत हवा जाते. जास्त असेल तर फिरणारे गिअर त्यात बुडतात, ते घुसळलं जातं आणि फेस होतो. हवा दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. त्यामुळे फेसाळलेलं ऑईल दाब धरत नाही आणि क्लच घसरतो. पण ऑईल थंड असताना आकसतं, म्हणून कमी असल्याची तक्रार थंड गाडीत जास्त जाणवते. गरम झालं की फुगतं, म्हणून जास्त असल्याची तक्रार गाडी तापल्यावर वर येते. वळणावर किंवा ब्रेक मारताना क्षणभर गिअर सुटल्यासारखा वाटला तर बहुतेक ऑईल कमी असतं, कारण ते एका बाजूला सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं.

फुगण्याचा हिशोब एकदा मांडून बघा. असं ऑईल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर ऑईल असेल आणि ते २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं, तर ८ गुणिले ०.०००७ गुणिले ६०, म्हणजे साधारण एक तृतीयांश लिटर वाढलं. बऱ्याच डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेत जेमतेम तेवढंच अंतर असतं. म्हणजे नुसत्या तापमानाने पातळी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जाऊ शकते. मी थंड गाडीत पातळी बघत होतो आणि ऑईल भरत होतो गरम गाडीच्या खुणेपर्यंत.

मोजायचं कसं

गाडीचं मॅन्युअल उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पद्धत गाडीगणिक बदलते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी, ऑईल चांगलं गरम, इंजिन चालू आणि लिव्हर ‘पी’वर अशी मोजणी करतात. काही गाड्यांत मात्र लिव्हर ‘एन’वर ठेवायला सांगितलेलं असतं. होंडाच्या डिपस्टिक असलेल्या गिअरबॉक्समध्ये उलट आहे: गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि एक-दीड मिनिटाच्या आत मोजायचं. ज्या गाडीत इंजिन चालू ठेवून मोजायचं असतं तिथे बंद इंजिनावरचा आकडा निरुपयोगी असतो, कारण पंप थांबला की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि नळ्यांमधलं ऑईल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, उतरतं आणि पातळी उगाच वर दिसते.

ऑईल गरम हवं म्हणजे फक्त इंजिन गरम असून चालत नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधे आला तरी गिअरबॉक्स तापण्यात मागे असतो. वीसेक मिनिटं प्रत्यक्ष चालवून आणा. मग ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत पूर्ण फिरवा, म्हणजे सगळ्या वाटा भरतील. त्यानंतर डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरा.

ती दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला ओल वरपर्यंत गेलेली असते, दुसऱ्या बाजूला खाली थांबलेली. काठी बाहेर येताना नळीच्या भिंतीला घासते, तिथलं ऑईल तिला लागतं. खरी पातळी खालची, जिथे ऑईलचा थर सलग आणि दाट आहे ती. त्याच्या वरचे तुटक ओघळ मोजायचे नाहीत. नुकतंच वरून ऑईल ओतलं असेल तर नळी आतून ओलीच असते आणि काठी वरपर्यंत माखून येते. अशा वेळी पाच-दहा मिनिटं थांबा. तीनदा मोजून तिन्ही वेळा एकच जागा आली तरच ती खरी धरा.

काठीवर ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन जोड्या असतील तर ‘कोल्ड’ची जोडी फक्त अंदाजासाठी आहे. ऑईल बदलल्यावर गाडी पहिल्यांदा सुरू करताना कोरडी तर नाही ना, एवढं बघायला ती पुरते. भरण्याचा निर्णय ‘हॉट’वरच.

आता ज्या गाड्यांत डिपस्टिकच नसते त्यांच्याबद्दल. तिथे गिअरबॉक्सच्या बाजूला किंवा खाली पातळीचा प्लग असतो. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं आणि ऑईल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आलं की प्लग उघडायचा. हा टप्पा अनेक गिअरबॉक्समध्ये ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्या गिअरबॉक्सचाच घ्या. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी आहे, भरण्याच्या तोंडातून थोडं थोडं घाला. जोरात धार लागली तर जास्त होतं, तेवढं जाऊ द्या. तापमानाचा टप्पा उलटून गेला तर हट्टाने काम पुढे रेटू नका, कारण गरम ऑईल फुगून बाहेर पडतं आणि थंड झाल्यावर कमी भरतं. गाडी थंड होऊ द्या आणि नव्याने सुरू करा. प्लग उघडा असताना इंजिन बंद करू नका, नाहीतर वरचं सगळं ऑईल खाली उतरून भोकातून भसकन बाहेर येईल.

तापमान ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर) बघणं सर्वांत खात्रीचं. स्कॅनर नसेल तर चेंबरच्या तळावर इन्फ्रारेड तापमापक धरून अंदाज येतो, पण बाहेरचा पत्रा आतल्या ऑईलपेक्षा थोडा थंड असतो हे लक्षात ठेवा.

खरंच कमी होत असेल तर

गिअरबॉक्स ऑईल जाळत नाही. इंजिन थोडं ऑईल खातं, गिअरबॉक्स खात नाही. बरोबर पद्धतीने मोजूनही पातळी उतरत असेल तर ते कुठूनतरी बाहेर जातंय, यात शंका नको. त्यामुळे ‘दर महिन्याला थोडं टाकतो’ हा उपाय होत नाही. जिथून जातंय ती जागा सापडेपर्यंत काम अर्धवटच आहे.

शोधताना आधी सगळं धुऊन कोरडं करा. जुन्या चिखलातून गळती दिसत नाही. रात्री खाली पांढरा पुठ्ठा टाका, त्यावर चाकांच्या जागा खडूने आखा. सकाळी थेंब कुठे पडलेत त्यावरून वर बघायचं. चेंबरच्या पॅकिंगची कडा, ड्रेन प्लगचा वॉशर, डिपस्टिकच्या नळीच्या बुडाची रिंग, लिव्हरच्या दांड्याचं सील आणि चाकांकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलची सीलं या नेहमीच्या जागा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून लाल थेंब येत असतील तर टॉर्क कन्व्हर्टरच्या पुढच्या सीलचा संशय घ्या. ते काम गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही.

माझी गळती गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणाऱ्या कूलरच्या रबरी नळीवर होती. थंड गाडीत ती पूर्ण कोरडी दिसायची. बोट फिरवलं तरी ओल नाही. मात्र क्लॅम्पच्या खाली एक लांबट काळपट पट्टा होता आणि आजूबाजूच्या धुळीपेक्षा तिथली धूळ जाड, चिकट बसलेली होती. गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून टॉर्च धरला तेव्हा क्लॅम्पच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली, हळूहळू मोठी झाली आणि नळीवरून ओघळली. ती फक्त दाबाखाली आणि गरम असतानाच पाझरत होती, म्हणून पुठ्ठ्यावर रात्री काही पडत नव्हतं. नळीचं टोक कडक झालं होतं. नवी नळी, नवा क्लॅम्प, आणि तिथली गळती बंद.

जमिनीवर थेंबही नसताना ऑईल जाण्याच्या दोन वाटा आहेत. जुन्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्सवर इंजिनाच्या व्हॅक्यूमने चालणारा मॉड्युलेटर असतो. त्याचा पडदा फाटला की ऑईल इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. दुसरी वाट रेडिएटरची. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. तो आतून फुटला तर ऑईल आणि कूलंट एकमेकांत जातात. डिपस्टिकवर दुधात गुलाबी रंग कालवल्यासारखं काही दिसलं तर गाडी चालवू नका, इंजिनही सुरू ठेवू नका. पाणी लागलं की क्लचप्लेट्सचं अस्तर सुटायला लागतं आणि मग नुसतं ऑईल बदलून भागत नाही.

ऑईल बदलताना

गळती मिटल्यावर मी ऑईलही बदलायचं ठरवलं, कारण फेसाळलेलं आणि अनेकदा तापलेलं ऑईल आत ठेवायचं नव्हतं. बदलायची गरज कशी ओळखायची? पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब सोडा आणि दहा मिनिटांनी बघा. ऑईल चांगलं असेल तर रंग सारखा पसरतो. मधे काळा ठिपका राहिला किंवा बोटात चोळल्यावर कचकच लागली तर ते थकलंय. नाकाजवळ धरा. जळक्या ब्रेकसारखा वास ही वाईट खूण आहे. नुसत्या रंगावर जाऊ नका, लाल रंग हा ओळखीसाठी घातलेला असतो आणि तो ऑईल चांगलं असतानाही उतरतो. काही ऑईलं मुळातच पिवळी किंवा हिरवट असतात.

‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथेही मी बदलतो. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदला असं सांगते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं म्हणणं मला जास्त पटतं.

कोणतं ऑईल, याबाबत तडजोड नको. ऑटोमॅटिकचं ऑईल वंगण तर करतंच, शिवाय क्लच किती घसरून पकडेल हेही तेच ठरवतं. हे घर्षण नेमकं ठेवण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म व्हेलचं तेलही त्यात मिसळत असत, इतकं ते नाजूक गणित आहे. डेक्सरॉन ६ जुन्या डेक्सरॉन ३ च्या जागी चालतं, होंडाच्या झेड-१ च्या जागी डीडब्ल्यू-१ चालतं, पण टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं वाचून घेऊ नका, तुमच्या मॅन्युअलमधलं नाव शोधा. आणि त्याआधी तुमचा गिअरबॉक्स नक्की कोणत्या जातीचा आहे ते बघा. सीव्हीटी (पट्टा आणि पुल्यांवर चालणारा), ड्युअल क्लच (दोन क्लचचा) आणि एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्राने चालणारा) यांत क्लचचा पायडल नसतो म्हणून लोक सगळ्यांना ऑटोमॅटिक म्हणतात, पण प्रत्येकाचं ऑईल वेगळं. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑईल, घातलं तर पट्टा घसरून आतल्या पुल्या खराब होतात.

गाडी वर घ्यायची ती स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. ऑईल कोमट असू द्या, उकळतं नको. आणि खालचा ड्रेन प्लग सोडायच्या आधी वरचा भरण्याचा प्लग सुटतोय याची खात्री करा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधीच ऑईल काढून टाकलं असेल तर गाडी तिथेच अडकते. ड्रेन प्लग गिअरबॉक्सचाच आहे ना, हेही पुन्हा बघा. इंजिन ऑईल बदलताना चुकून गिअरबॉक्स रिकामा केल्याची उदाहरणं कमी नाहीत. काही गिअरबॉक्समध्ये ड्रेन आणि पातळी एकाच भोकात असते: बाहेरचा प्लग काढला की आत एक उभी नळी दिसते, ती काढल्याशिवाय ऑईल पूर्ण उतरत नाही.

निघालेलं ऑईल मापाच्या भांड्यात घ्या आणि आकडा लिहून ठेवा. या सगळ्या कामातला मला सर्वांत उपयोगी पडलेला आकडा हाच. जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं, मग गरम करून पातळी जुळवायची. फक्त आधीची पातळीच चुकलेली असेल, माझी होती तशी, तर शेवटचा शब्द गरम मोजणीचा. माझ्या गाडीतून ४ लिटर ३०० मिलिलिटर निघालं आणि मोजणी जुळली तेव्हा आत गेलं होतं ३ लिटर ८०० मिलिलिटर. गळतीनंतरही अर्धा लिटर जास्तच होतं.

चेंबर खोलला तर आतल्या चुंबकाकडे नीट बघा. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असतोच, तो नेहमीच्या झिजेचा. त्यात टोचणारे तुकडे, चकत्यांचे पापुद्रे किंवा पितळी चमक दिसली तर ऑईल बदलून हे थांबणार नाही. चुंबक पुसून जागेवर ठेवा, फिल्टर आणि पॅकिंग नवं घाला, पॅकिंगच्या जागा दोन्हीकडून स्वच्छ कोरड्या करा. चेंबरचे बोल्ट आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट बारीक असतात, बहुतेक ठिकाणी १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. नेमका आकडा मॅन्युअलमधून घेऊन टॉर्क पान्यानेच आवळा. हाताच्या अंदाजाने एक वेढा जास्त दिला की अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात, आणि पॅकिंग पिळवटून तिथूनच नवी गळती सुरू होते.

एकदा काढून भरल्याने सगळं ऑईल बदलत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमधलं आतच राहतं. समजा दर वेळी ४० टक्के निघतं. पहिल्यांदा जुनं ६० टक्के उरेल, दुसऱ्यांदा ३६ आणि तिसऱ्यांदा साधारण २२. मधे काही शे किलोमीटर गाडी चालवून दोन-तीनदा असंच करणं मला मशीनने दाबाखाली फ्लश करण्यापेक्षा बरं वाटतं, विशेषतः जुन्या गिअरबॉक्सला. आणि आधीच स्लिप होणाऱ्या, जळका वास येणाऱ्या गिअरबॉक्सचं ऑईल बदलून तो बरा होईल ही आशा धरू नका. झिजलेलं अस्तर नव्या ऑईलने परत येत नाही.

भरल्यावर

इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर सावकाश सगळ्या जागी फिरवा, खाली वाकून गळती बघा, मगच चालवायला घ्या. पहिल्या काही दिवसांत गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील. काही गाड्यांत कंप्युटरला नव्या ऑईलची सवय करून घ्यावी लागते, त्यासाठी स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन रीसेट करतात, म्हणजे कंप्युटरने शिकलेले जुने आकडे पुसतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर टाळू नका. निघालेलं ऑईल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्यांकडे द्या. मातीत किंवा गटारात नको.

मी आता डिपस्टिकच्या नळीला एक चिठ्ठी बांधून ठेवली आहे. त्यावर मोजल्याची तारीख, किलोमीटर, ऑईलचं तापमान आणि काठीवरची जागा. आठवड्याने मोजलं, मग महिन्याने. दोन्ही वेळी ७८ ते ८० अंशांना ओल ‘हॉट’च्या दोन रेघांच्या बरोबर मधे होती. सकाळी ‘डी’ टाकला की गाडी उचलते.

तुमच्याकडे बरोबर तापमानाला पातळी बरोबर येत असेल, ऑईल स्वच्छ असेल आणि तरीही गिअर उशिरा पकडत असेल, तर आणखी ऑईल घालू नका. तिथून पुढे दाब मोजण्याचं काम आहे: पंप, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब वाटून देणारा भाग), सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह), कडक झालेली आतली सीलं. ज्याच्याकडे प्रेशर गेज आहे आणि जो आधी दाब मोजून मगच गिअरबॉक्स खोलतो, अशा माणसाकडे गाडी न्या आणि चिठ्ठीवरचे आकडे त्याला दाखवा.